सोलापूरचा पाऊस जमिनीत कसा उतरतो

जुलैच्या मध्यावर जुळे सोलापुरातल्या कुठल्याही गच्चीवरून आभाळ पाहावं. विजापूर रोडच्या अंगाने ढगांचे पुंजके येतात, डोक्यावरून घाईने निघून जातात आणि होटगी रोडच्या पलीकडे पांगतात. वारा एवढा की दोरीवरचे कपडे चिमट्यांना दाद देत नाहीत. ऊन नाही, हवा गार, आणि पर्जन्यमापकात मात्र एक-दोन मिलिमीटर. त्याच दिवशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात शंभराच्या वर नोंद झालेली असू शकते. आषाढात सोलापूरकर माणूस ‘ढग आहेत, पाऊस नाही’ हे इतक्यांदा बोलतो की त्यामागे काही कारण असेल हेच विसरून जातो. कारण आहे. ते समजलं की हा जिल्हा रब्बीवर का जगतो, डाळिंबवाल्याला नुसत्या ढगाळ हवेची धास्ती का वाटते आणि पुण्याकडे पाऊस झाल्याशिवाय इथल्या उसाला पाणी का मिळत नाही, हे एकापाठोपाठ उलगडत जातं.

अरबी समुद्रावरून आलेला मोसमी वारा सह्याद्रीला अडतो आणि वर चढतो. चढताना हवा फुगते, गार होते, बाष्पाचे थेंब होतात आणि बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रितं होतं. महाबळेश्वरची वर्षाची सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे आहे ती यामुळे. डोंगर ओलांडून हवा खाली उतरू लागली की व्यवहार उलटा होतो. दाब वाढतो, हवा तापते. चढताना ओली हवा किलोमीटरमागे साधारण सहा अंशांनी गार होते, पण पाणी सांडून कोरडी झालेली हीच हवा उतरताना किलोमीटरमागे दहा अंशांच्या आसपास तापते. म्हणून डोंगराच्या या बाजूला ती आली तेव्हापेक्षा जास्त गरम आणि जास्त कोरडी असते. फलटण, दहिवडी, सांगोला, मंगळवेढा हा सगळा पट्टा या पर्जन्यछायेत येतो. सोलापूर जिल्ह्याला वर्षाकाठी मिळतो तो सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे.

मग डोक्यावरून जातात ते ढग कसले? ते सहसा उथळ असतात, आणि त्यांच्यातले थेंब फार बारीक. ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, तर जमिनीवर पोचणारा पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा. म्हणजे ढगातले लाखो थेंब एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होणार. हे एकत्र येणं टकरीतून घडतं, आणि त्यासाठी काही थेंब तरी बाकीच्यांपेक्षा मोठे असावे लागतात. देशावरच्या हवेत धुळीचे आणि धुराचे कण भरपूर. प्रत्येक कण बाष्पातला आपला वाटा मागतो. थेंब संख्येने वाढतात आणि आकाराने लहान राहतात. सगळेच सारखे लहान असल्यावर कोण कुणाला गिळणार?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘कायपीक्स’ या प्रयोगमालेसाठी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरचं आभाळ निवडलं ते नेमकं याच प्रश्नासाठी. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या. त्यातून पाणी ओढून घेणारे जाडसर कण सुटतात, त्यांच्यावर मोठे थेंब धरतात आणि ते बाकीच्यांना गिळू लागतात. एकूण २७६ ढगांचा अभ्यास झाला. काहींवर फवारणी केली, काही तसेच सोडले आणि दोन्हींची रडारवरून तुलना केली. फवारणी झालेल्या भागात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस मिळाला, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा ऐकून हुरळून जाणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की १८ टक्के हे असलेल्या पावसाचे आहेत. ज्या वर्षी ढगच उभे राहत नाहीत, त्या वर्षी कशाचे १८ टक्के काढणार?

सोलापूरचा खरा पाऊस येतो तो दुसऱ्या दिशेने. इथला सर्वांत ओला महिना सप्टेंबर. तोवर पश्चिमेचा वारा मंदावतो, जमीन पुन्हा तापते, दुपारनंतर उंच ढग चढतात आणि संध्याकाळी विजांसह कोसळतात. शिवाय बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे तेलंगणा ओलांडून इकडे सरकतात. या ढगांना सह्याद्री आडवा येत नाही, कारण ते त्याच्या मागच्या दाराने येतात. जिल्ह्यातला जुना शेतकरी मृगापेक्षा उत्तरा आणि हस्ताकडे डोळे लावून बसतो, त्याचं कारण हेच. आणि त्याचं हे नक्षत्रांचं कॅलेंडर अंधश्रद्धेच्या खात्यात टाकू नये. पावसाची नक्षत्रं सूर्याच्या स्थानावर ठरतात, त्यामुळे ती तिथीसारखी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागेपुढे होत नाहीत. मृग ७-८ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमाराला. ऋतूशी ती घट्ट बांधलेली आहेत. अगदी काटेकोर बोलायचं तर पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतात, पण तेवढं कुणाच्या पेरणीला लागत नाही.

आता हे पाणी जमिनीवर पडल्यावर काय होतं, ते पाहायला हवं. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर झाला म्हणजे एकरामागे चार लाख लिटर. त्यातलं मुळांना किती मिळालं, हे वर्षाच्या बेरजेवरून कळत नाही. जमीन हा तोंडाला अरुंद असलेला रांजण आहे असं समजावं. त्याची खोली म्हणजे मातीच्या थराची खोली. मीटरभर खोल काळी माती पिकाला उपसता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. फूटभर मुरमाड जमीन चाळीस-पन्नासवरच थांबते. आणि अरुंद तोंड म्हणजे पाणी आत शिरण्याचा वेग. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या सरी घटाघटा आत जातात, पण भेगा मिटल्या की पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरतं. (हेच फुगणं-आकसणं काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या कंपाउंड भिंतींना तडे देतं. गवंड्याला विचारावं, तो मुरूम लागेपर्यंत पाया का खणतो.)

समजा, दोन वर्षं सप्टेंबरात सारखाच १२० मिलिमीटर पाऊस झाला. एका वर्षी तो वीस-वीस मिलिमीटरच्या सहा पावसांत आला, मधे दोन-चार दिवसांची उघडीप. दुसऱ्या वर्षी एका रात्रीत. पहिल्या वर्षी बहुतेक पाणी जिरलं, वरची ओल खालच्या ओलीला मिळाली. दुसऱ्या वर्षी रांजणाच्या तोंडावरून पाणी वाहून ओढ्याला गेलं, आणि जाताना शेताचा वरचा, सर्वांत सकस थर घेऊन गेलं. तालुक्याच्या तक्त्यात दोन्ही वर्षं सारखीच दिसतात. सरासरीच्या टक्केवारीवर रान उठवणाऱ्या बातम्या वाचताना मला नेहमी हे दुसरं वर्ष आठवतं.

रब्बी ज्वारी या साठवलेल्या ओलीवर उभी राहते. पेरणीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरची. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नाही, विहीर असली तर एखादं पाणी, नाहीतर फेब्रुवारीपर्यंत फक्त जमिनीतली ओल आणि थंडी. म्हणून या पिकाची सगळी मशागत ओल राखण्याची मशागत आहे. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने कोळपणी, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. ही शेवटची तण काढण्यासाठी कमी आणि भेगा बुजवण्यासाठी जास्त. आठव्या आठवड्यात जमीन उलायला लागते आणि प्रत्येक भेग म्हणजे खालच्या ओलीला फुटलेली वाट असते. दुष्काळी मुलखात पाऊस जागच्या जागी कसा मुरवावा याचा अभ्यास सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात चालू आहे. मुंबई इलाख्यातल्या या कामात ना. वि. कानिटकरांचं नाव मोठं. पावसाळ्यातच रानात बंदिस्त सारे पाडून ठेवायचे, म्हणजे सप्टेंबरची सर वाहून न जाता साऱ्यात थांबते, ही त्याच परंपरेतली शिफारस. खर्च थोडा, कष्ट बरेच, आणि फायदा दिसतो तो चार महिन्यांनी. अशा गोष्टींची जाहिरात होत नाही.

मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही भाकरीसाठी मागून घेतली जाते ती चवीमुळे, आणि शेतकरी ती पेरतो ती कडब्यामुळेही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं खुली केल्याची कथा मंगळवेढ्याचीच असावी, हेही मला योगायोगाचं वाटत नाही. खोल काळी जमीन आणि परतीचा पाऊस, या दोन गोष्टी जिथे जुळतात तिथेच एका वर्षाचं धान्य पुढच्या वर्षाला उरतं.

या रचनेत हवामानातला बदल कुठून शिरतो? पहिली वाट पावसाच्या जोराची. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडत नाही तेव्हा हवा जमिनीतून आणि पानांतून जास्त पाणी ओढते, आणि पडतो तेव्हा जास्त पाडते. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे सहा टक्क्यांनी घटला. बेरीज थोडी कमी, वाटणी फार विषम.

दुसरी वाट तारखांची. वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतायला लागण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरत. २०२० मध्ये हवामान विभागाने ती १७ सप्टेंबर केली. परतीचा पाऊस लांबला तर सोलापूरचा फायदाच, असं वाटेल. पण पेरणीला ओल लागते तसा वाफसाही लागतो. चिखलात पाभर चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरून थेट सोलापूरवर आला आणि जिल्हा पाण्याखाली गेला. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेल्या पुराने तर महामार्ग बंद पाडले. अशा वर्षी वाफसा यायला ऑक्टोबर उलटतो. काही रानं आधी पेरलेली, काही नंतर; पेरण्या अशा मागेपुढे झाल्या की खोडमाशीला कोवळं पीक महिनाभर मिळत राहतं.

उशिरा पेरलेल्या ज्वारीचं पुढे काय होतं, हे तिसऱ्या वाटेवर कळतं. ती वाट उष्णतेची. ज्वारीचा दाणा जानेवारी-फेब्रुवारीत भरतो. थंडी टिकली तर सावकाश भरतो आणि टपोरा होतो. ऊन लवकर चढलं तर झाड घाईने पिकतं आणि दाणा पोचट राहतो. शहरातल्या माणसाची ज्वारीशी गाठ पडते ती हुरड्याला, आणि हुरडा लवकर संपला की त्याला फक्त सहल हुकल्याचं वाईट वाटतं. शेतात तेव्हा ओल संपत आलेली असते, ऊन वाढलेलं असतं आणि ताणात सापडलेल्या धाटांत खडखड्या रोगाची बुरशी शिरते. ताट आतून पोकळ होतं आणि वाऱ्याने आडवं पडतं. २०२३ चा फेब्रुवारी हा कमाल तापमानाच्या सरासरीनुसार १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला होता.

डाळिंबाची गोष्ट जवळजवळ उलटी आहे. ते सांगोल्यासारख्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत नाव कमावून बसलं, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आलं. डाळिंबाला वर्षातून तीनदा फुलायची सवय असते. शेतकरी त्यातला एक बहार धरतो, मृग, हस्त किंवा आंबे. बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडायचं, पानगळ करायची, झाडाला वाढ थांबवायला लावायची. मग छाटणी आणि खतं झाल्यावर पाणी सोडलं की ते एकदम फुलतं. ही सगळी युक्ती कोरड्या हवेवर बेतलेली आहे. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो. झाड फुलांऐवजी पालवी काढतं, फुलं येतात ती वेळीअवेळी. त्यातच उबदार, दमट, ढगाळ हवा आठवडाभर राहिली तर तेल्या येतो. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावरून फळावर जातो आणि फळ तडकवतो. मृग बहारात त्याचा धोका सर्वांत जास्त, म्हणून अनेक बागाईतदार हस्त किंवा आंबे बहाराकडे वळले. पण आंबे बहाराची फळं उन्हाळ्यात वाढवायची तर विहिरीला पाणी हवं, आणि त्या वेळची गारपीट वेगळीच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी द्राक्षं आणि डाळिंबं कशी झोडपली, ते जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. ज्वारीला जो पाऊस हवाहवासा, तोच चार शेतं पलीकडच्या बागेत नको असतो. ‘यंदा पाऊस चांगला’ हे वाक्य कुणासाठी, असं दरवेळी विचारावं लागतं.

उसाला मात्र सोलापूरच्या आभाळाशी फारसं घेणंदेणं नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. हे पाणी येतं भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांच्या खोऱ्यांतून, म्हणजे पुणे जिल्ह्यातून आणि सह्याद्रीच्या उतारावरून. वरची धरणं भरल्यावर उजनी भरतं आणि मग पाणी खाली सोडावं लागतं. म्हणून पंढरपुरात लख्ख ऊन असताना चंद्रभागेला पूर येतो. कालवा आला, ऊस आला, कारखाने इतके झाले की राज्यात याबाबत सोलापूरचा हात धरणारा जिल्हा नाही. स्थानिक पाऊस आणि स्थानिक पीक यांच्यातला जुना करार उसाने मोडला, असं माझं मत आहे. आधी इथला शेतकरी इथल्या सहाशे मिलिमीटरशी झगडत होता. आता घाटमाथ्यावर पाऊस लांबला की त्याचा ऊस वाळतो, आणि जुळे सोलापुरातल्या नळाचं वेळापत्रकही बिघडतं. २०२३ हे एल निनोचं वर्ष. त्यानंतरच्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे मृत साठ्यातलं पाणीही बरंचसं उपसलं गेलं.

भूजलाचा आधार घ्यावा, तर खाली बेसाल्ट आहे. या काळ्या खडकात पाणी साठतं ते फक्त भेगा, सांधे आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. गंगेच्या गाळासारखा खोल साठा इथे नाही. चांगल्या पावसात विहीर लवकर भरते आणि मार्चला लवकर खाली जाते. बोअर खोल नेलं तर लागतं ते नवीन पाणी नसून शेजाऱ्याच्याच भेगेतलं पाणी असण्याची शक्यता मोठी. इंग्रजांनी १८७१ मध्ये हिप्परग्याजवळ एकरुख तलाव पूर्ण केला, तेव्हा हिशेब साधा होता. खडक पाणी धरत नाही, तर वर अडवा. शहरातही तोच प्रश्न आहे. जिथे पूर्वी रान होतं तिथे सिमेंटचे रस्ते आणि फरशी घातलेली अंगणं झाली, मुरण्याची जागा गेली, आणि तासाभराच्या पावसात रस्त्याचा ओढा होतो.

या सगळ्याची सरकारी मोजणी होते ती महसूल मंडळाच्या पातळीवर. मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. फळपीक विमाही अशाच केंद्रांच्या नोंदींवर चालतो. पण सप्टेंबरच्या गडगडाटी पावसाचा पट्टा कधी कधी दोन-तीन किलोमीटरच रुंद असतो. केंद्रावर ४० आणि शिवारात ९०, किंवा नेमकं उलटं. शिवाय या आकड्यात पाऊस मोजला जातो, ओल मोजली जात नाही. ती शेतकऱ्याला स्वतःच पाहावी लागते. वाफसा आल्यावर लोखंडी पहार रानात चार-पाच ठिकाणी रेटायची. ओली माती वाट देते, कोरडी माती किंवा मुरूम अडवतो. खालपर्यंत ओल असलेल्या खोल जमिनीला फुले वसुधा किंवा यशोदा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, आणि फुटावर मुरूम लागणाऱ्या हलक्या रानाला लवकर येणारी फुले अनुराधा, अशी ज्वारीच्या वाणांची राहुरीच्या कृषी विद्यापीठाने केलेली वाटणी आहे. जमीन खोल आहे पण ओल वरवरच राहिली आहे, असं वर्ष आलं तर जाणती माणसं ज्वारीचं क्षेत्र कमी करून करडई वाढवतात. तिचं सोटमूळ ज्वारीच्या मुळांपेक्षा खोल जातं.